जाळीपाशी उभे राहणारे म्हस्के सर

म्हस्के सरांची आणि माझी पहिली भेट नारायण पेठेतल्या माझ्या दवाखान्यात झाली, आणि त्या भेटीत रुग्ण कोण हेच मला आधी कळले नाही. मी फिजिओथेरपिस्ट. जिन्यावरच्या पावलांवरून येणाऱ्याचे दुखणे ओळखायची मला सवय आहे. त्या दिवशी जिन्यावर दोघांची पावले वाजली आणि दोघेही लंगडत होते. आधी एक उंच, सावळा खेळाडू आत आला. त्याचा उजवा घोटा मोसंब्याएवढा सुजला होता. त्याच्या मागून साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले, अंगात ट्रॅकसूट, हातात कापडी पिशवी, आणि चाल अशी की मी त्यांनाच टेबलावर झोपायला सांगितले.

"माझं ऱ्हाऊ द्या बाई," ते म्हणाले. "माझा गुडघा निवांत हाय, त्याला कुठं जायचं न्हाई. ह्याला शनिवारी खेळायचं हाय."

"शनिवारी हा उभासुद्धा राहणार नाही," मी म्हणाले.

"मग कवा?"

"तीन आठवडे."

"बरं."

एवढेच. माझ्या टेबलापाशी अनेक प्रशिक्षक उभे राहून गेले आहेत. क्रिकेटचे, कबड्डीचे, मॅरेथॉनचे. तीन आठवडे म्हटल्यावर "दोन करा ना" असे न म्हणणारे हे पहिलेच. त्या खेळाडूने, म्हणजे प्रशांत मेश्रामने, तोंड पाडले तेव्हा सर त्याला म्हणाले, "बाई खरं सांगत्यात. जिना नीट ध्यानात ठेव, परत यावं लागंल." पुढे महिन्याभरात मला त्यांच्या क्लबकडून फोन आला आणि मी संघाची फिजिओ झाले. फुटबॉलमधले मला तोवर एवढेच ठाऊक होते की त्यात हात लावायचा नसतो.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्या प्रशिक्षणपद्धतीवर लिहायला अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ती एका हंगामाची गोष्ट, देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये पुण्याचा संघ खेळला आणि सर त्याचे प्रशिक्षक होते त्या हंगामाची. त्याला आता बारा-तेरा वर्षे झाली. "पुण्यात फुटबॉल चालत नाही" असे ठणकावून सांगणारे विद्वान आजही भेटतात. हा लेख त्यांनीही वाचावा, अशी माझी नम्र आणि बऱ्यापैकी रागावलेली विनंती आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. श्री. दामोदर म्हस्के हे विश्रांतवाडीच्या शेतकरी कुटुंबातले. वडील शेती सांभाळून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. त्यांना डबा पोचवायला जाता-येता सर लष्कराच्या मैदानावर रेंगाळत, आणि तिथे जवानांबरोबर खेळता खेळता फुटबॉल शिकले. ज्या वावरात त्यांनी एकट्याने सराव केला तिथे आता सात मजली इमारत आहे. गोलाच्या जागी पार्किंग आहे आणि पार्किंगच्या भिंतीवर "येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे" अशी पाटी आहे. ती लावणाऱ्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे सरांचे सख्खे धाकटे बंधू. सर त्याच इमारतीत राहतात, आणि गेली कित्येक वर्षे सोसायटीतल्या मुलामुलींना त्याच पाटीखाली चेंडू अडवायला शिकवतात. बंधूंनी एकदा सर्वसाधारण सभेत विषय काढला. सर म्हणाले, "पाटी काढू नका, लई चांगली हाय. पोरं वर बघून खेळायला शिकत्यात."

तो हंगाम सुरू झाला तेव्हा सर मुख्य प्रशिक्षक नव्हतेच. ते क्लबच्या कुमार संघाला शिकवत. मुख्य प्रशिक्षक परदेशी होते, सज्जन होते, आणि दिवाळीच्या सुमारास ओळीने सामने हरल्यावर एका सकाळी सामान घेऊन विमानतळावर गेले. नवे कोणी मिळेपर्यंत तात्पुरते म्हणून व्यवस्थापनाने सरांना नेमले. नवे कोणी शेवटपर्यंत मिळाले नाही. किंवा सरांएवढ्या पगारात मिळाले नाही, असे म्हणू.

पहिल्या दिवशी सरांनी सरावात फारसे काही बदलले नाही. बदलली ती एकच गोष्ट, सामना संपल्यानंतरची. बालेवाडीच्या ज्या स्टेडियममध्ये आम्ही खेळत असू तिथे मैदानाभोवती धावण्याची रुंद लाल पट्टी आहे आणि तिच्या पलीकडे प्रेक्षकांची जाळी. त्यामुळे खेळणारे आणि बघणारे यांच्यात एखाद्या गल्लीएवढे अंतर पडते. सामना संपला की आमचे खेळाडू लांबूनच हात हलवत आणि आत जात. सरांनी सगळ्यांना बसवून सांगितले की यापुढे सामना संपला की पट्टी ओलांडून जाळीपाशी जायचे, आणि लोकांचे विचारून होईपर्यंत तिथे उभे राहायचे.

"काय विचारतील?" एकाने हिंदीत विचारले.

"त्यांना जे वाटंल ते. हडपसरावरनं येत्यात, कात्रजवरनं येत्यात, दोन दोन बस बदलून. आपण हरून आत पळायचं, ह्याला काय अर्थ हाय?"

"आणि जिंकलो तर?"

"तवा तर जायचंच. न्हाई तर म्हणतील माजले."

नियम दोन. जो चुकला तोच बोलेल, दुसऱ्याने त्याच्या वतीने बोलायचे नाही. आणि ज्याने ठरवले त्यानेच जाब द्यायचा. व्यवस्थापनाला ही कल्पना फार आवडली, कारण त्यांना वाटले की यात छायाचित्रे चांगली येतील.

पुणेकराला प्रश्न विचारायची मुभा देणे म्हणजे काय, हे छायाचित्रवाल्यांना माहीत नव्हते. पहिल्याच सामन्यात आम्ही चार गोल खाल्ले. संघ जाळीपाशी गेला. पलीकडे पन्नास-साठ माणसे थांबली होती आणि त्यांच्या पुढे दांडेकर काका उभे होते. हे काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आमच्याच वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे, प्रत्येक सामन्याला बसायची उशी आणि थर्मास घेऊन येणारे. मला ते घरीही चुकत नसत. त्यांनी आमच्या गोलरक्षकाकडे बघून अत्यंत आदराने विचारले, "आपण गोलरक्षक आहात की प्रेक्षक? नाही, प्रेक्षक असाल तर तिकीट दाखवा. आम्ही काढलंय."

गोलरक्षक ईशान्येकडचा, त्याला मराठी येत नव्हते. मेश्राम मूळचा नागपूरकडचा, भाषांतराचे काम त्याच्याकडे आले. त्याने कळवळून हिंदीत सांगितले, "काका बोल रहे हैं, और मेहनत करो."

"मी असं बोललो नाही," दांडेकर काका म्हणाले. "नीट सांगा. मी केंद्र सरकारच्या नोकरीत होतो, मला हिंदी येतं."

मेश्रामने नीट सांगितले. गोलरक्षक लाल झाला, आणि मग हसलाच. दुसरा आणि चौथा गोल आपल्या चुकीने झाला असे त्याने कबूल केले. "आणि आपण?" काकांनी सरांकडे मोर्चा वळवला. सर म्हणाले, "राहिलेले दोन माझे. उजव्या अंगाला मी चुकीचा माणूस उभा केला. तो बिचारा डाव्या पायाचा हाय." या शहरात खडूस प्रश्न विचारायची सवय सगळ्यांना आहे. सरळ उत्तर मिळायची कोणालाच नाही. काका घरी जाताना जिन्यात मला म्हणाले, "गृहस्थ बरे वाटतात." चार मजल्यांच्या आमच्या ओळखीत काकांनी कोणाला एवढे वर चढवलेले मी ऐकले नव्हते.

त्यानंतर आम्ही जिंकतच सुटलो असे काही झाले नाही. काही सामने बरोबरीत सुटले, काही जिंकलो, तळातून थोडे वर आलो. पण गर्दी वाढू लागली. अर्धे लोक सामना बघायला येत आणि अर्धे नंतर विचारायला. खेळाडूंमध्ये मी बघितलेला फरक असा की मैदानात एखाद्याने अंग राखून धाव घेतली तर शेजारचा ओरडायचा, "जाळी!"

सरांच्या मायेबद्दल सांगायचे तर मेश्रामचेच सांगते. जानेवारीत एका घरच्या सामन्यात त्याने पेनल्टी बाहेर मारली. गोलापासून बारा पावलांवर चेंडू ठेवलेला, समोर फक्त गोलरक्षक, आणि याने चेंडू थेट जाहिरातीच्या फलकावर घातला. आम्ही हरलो. जाळीपाशी त्याला बोलताच येईना. "मी काय सांगू जी," एवढेच म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी तो खोलीतून बाहेर आला नाही. सर त्याला स्कूटरवर बसवून विश्रांतवाडीला घेऊन गेले. सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, आधी पोटभर जेवायला घातले. मग सर त्याला खाली पार्किंगमध्ये घेऊन आले. त्या मनाईच्या पाटीखाली दोन खांब आहेत, त्यांच्यातली जागा खऱ्या गोलाच्या निम्मीदेखील नाही. एका खांबाला लागून बंधूंची नवी कोरी गाडी उभी होती. सरांनी चेंडू ठेवला आणि म्हणाले, "मार."

"गाडीला लागेल जी."

"लागंल तर भाऊ माझा हाय, तुझा न्हाई. मार."

त्या दुपारी आणि त्यानंतर रोज मेश्राम त्या दोन खांबांमधून चेंडू मारत राहिला. गाडीचा एक दिवा फुटला. बंधू खाली आले, बोलायचे ते सगळे बोलले, आणि मग तिथेच एक खुर्ची मागवून बघत बसले. शेवटी शेवटी गाडी ते स्वतः मुद्दाम खांबाजवळ लावत, असे काकू सांगतात.

फेब्रुवारीत वर्तमानपत्रात बातमी आली की हंगाम संपल्यावर संघ दुसऱ्या शहरात जाणार. नवे नाव, नवे रंग. आमच्यातल्या कोणालाही आधी सांगितलेले नव्हते. त्याच संध्याकाळी घरचा सामना होता. तो झाल्यावर संघ जाळीपाशी गेला, आणि लोकांनी खेळाडूंनाच धारेवर धरले. का चाललात, आम्ही काय कमी केले, असे प्रश्न. मुले एकमेकांकडे बघू लागली. सरांनी हात वर केला. "थांबा. हे ह्या पोरांनी ठरवलेलं न्हाई." आणि ते लंगडत पट्टी ओलांडून विशेष निमंत्रितांच्या कक्षाकडे गेले. व्यवस्थापनाचे एक तरुण अधिकारी तिथे चहा पीत होते. सर त्यांना हाताला धरून जाळीपाशी घेऊन आले. ओढून नव्हे. वडीलधाऱ्या माणसाने हात धरला तर तो झटकता येत नाही, एवढेच.

दांडेकर काकांनी विचारले, "आपण संघ नेताय, न्या. फक्त कारण सांगा."

"सर, हा बिझनेस डिसिजन आहे, पर्सनली घेऊ नका," अधिकारी म्हणाले. "पुण्यात फुटबॉलचं मार्केट नाहीये."

"मार्केटला आम्ही मंडईत जातो," काका म्हणाले. "इथे मॅच बघायला येत होतो."

मला तेव्हा हसू आले होते. आता ती गोष्ट सांगताना येत नाही. माणसे उन्हातान्हात येतात, घसा फोडतात, संघाला आपले म्हणतात आणि दात ओठ खाऊन त्याच्या चुका काढतात. कोणीतरी ते सगळे चहा पिता पिता "नाहीये" या एका शब्दात निकालात काढतो. याचा राग मला त्या दिवशी आला तो अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

खरी कसोटी पुढे होती. नव्या शहरातल्या मालकांना खेळाडू धडधाकट हवे होते. उरलेल्या सामन्यांत कोणाचा पाय मोडला तर त्यांचे नुकसान. म्हणून सरांना निरोप आला की महत्त्वाचे खेळाडू आता बाहेर बसवा आणि कुमार संघातल्या मुलांना घेऊन हंगाम उरका. सर म्हणाले, "बसवतो की. फक्त मॅच झाल्यावर लोक विचारतील, का बसवले. मी सांगीन, ह्या साहेबांनी बसवायला लावले. चालंल?"

ते चालणार नव्हते. सरांनी घालून दिलेला तो जाळीचा नियम तोवर सगळ्या शहराला माहीत झाला होता. जाळीपाशी देता येईल असे एखादे कारण व्यवस्थापनाला हवे होते, आणि ते कारण माझ्या हातात होते. दुसऱ्या दिवशी तेच तरुण अधिकारी दवाखान्यात आले. आठ खेळाडू दुखापतग्रस्त आहेत असा दाखला त्यांना हवा होता. "फॉर्मॅलिटी आहे मॅडम."

"कुणाला काय दुखतंय?" मी विचारले.

"ते तुम्हीच बघा ना. हॅमस्ट्रिंग वगैरे."

मी त्यांच्यासमोर आठही जण खेळण्यास तंदुरुस्त असल्याचा दाखला लिहिला आणि शिक्का मारला. तो घेऊन ते जिना उतरले, आणि संध्याकाळी माझा मैदानात जायचा पास रद्द झाला. मी सरांना फोन करून झाले ते सांगितले.

"बाई, आधी मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, तुमचं तुम्ही ठरवा."

"म्हणूनच विचारलं नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायला गेले तर सर आणि काकू पायऱ्यांवर बसलेले. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आले होते. काकूंनी डबा आणला होता. सरांनी खिशातून शेवटच्या सामन्याचे तिकीट काढून दिले, स्वतः रांगेत उभे राहून आणलेले. "पास गेला तर गेला," म्हणाले. "जाळीच्या त्या अंगाला पण आपलीच माणसं हायेत." व्यवस्थापनाने त्यांनाही सांगून टाकले होते की संघ पूर्ण ताकदीने उतरवलात तर नव्या शहरात तुम्हाला जागा नाही. सरांनी त्यावर विचारले होते, "मला न्ह्यायचं कधी ठरलं होतं?"

शेवटचा सामना घरचा होता. समोर होता गुणतक्त्यात सर्वांत वर असलेला संघ. जिंकला तर विजेता, नाही तर चषक दुसऱ्याचा. आम्ही जिंकलो काय, हरलो काय, आमचे काहीही बदलणार नव्हते. चषक पुण्यात आणून ठेवला होता. तो द्यायचा मंच लाल पट्टीवर बांधला होता, आणि तोही नेमका आमच्या जाळीसमोर, जिथे आमची मुले हंगामभर उभी राहिली त्याच जागी. मी दांडेकर काकांच्या शेजारी बसले. "आज आपण इकडे?" ते म्हणाले. "बरं झालं. तिकडे बसून आपली नजर बिघडली होती." आणि उशी अर्धी माझ्याकडे सरकवली.

सर आठही जणांना घेऊन उतरले. पाहुण्यांनी लवकरच गोल केला, आणि मध्यंतरापर्यंत आम्ही नुसते अडवत राहिलो. मध्यंतरात कामगार मंचावर गालिचा अंथरू लागले. कागदी कपटे उडवायची यंत्रे आली. काका म्हणाले, "मुहूर्त व्हायच्या आधी पानं मांडली." आजूबाजूची माणसे संतापली होती. त्या संतापातच आरडाओरडा सुरू झाला तो थांबला नाही. उत्तरार्धात आमच्या मुलांनी जे केले त्याला मी खेळ म्हणणार नाही, ती भांडणे होती, चेंडूच्या प्रत्येक वितीसाठी. ज्यांच्या पायांवर मी हंगामभर हात फिरवला त्यांना मी ओळखेना. अधिकाऱ्यांनी ज्यांना जपून ठेवायला सांगितले होते तेच आठ जण पाय टाकून अंगावर जात होते. सर रेषेपाशी उभे होते. बसा, गुडघा बसा म्हणतोय, असे मी इकडून ओरडत होते. ते ऐकू जाणे शक्य नव्हते, आणि गेले असते तरी उपयोग नव्हता.

मग आम्हाला पेनल्टी मिळाली. चेंडू मेश्रामने उचलला. आमच्या बाजूला लोक एकमेकांचे दंड धरू लागले, कारण जानेवारी सगळ्यांना आठवत होता. मला पार्किंगमधले ते दोन खांब माहीत होते म्हणून मी एकटीच निर्धास्त होते, असे म्हणायला मला आवडेल. खरे तर मी डोळे मिटले होते. आवाजावरून कळले. डोळे उघडले तेव्हा दांडेकर काका, वय वर्षे सत्तरच्या पुढे, उशीवर उभे होते.

एक-एक. पुढची दहा-बारा मिनिटे त्या संघाने जे जे येत होते ते सगळे करून बघितले आणि आमच्या गोलरक्षकाने, त्याच प्रेक्षकाने, सगळे अडवले. शिट्टी झाली. पाहुणे गवतावर आडवे झाले. सर आधी त्यांच्या प्रशिक्षकाकडे गेले, दोन्ही हातांत त्यांचा हात धरून काही बोलले. कामगार यंत्रे उचलून न्यायला लागले. आणि आमची मुले नेहमीप्रमाणे जाळीकडे आली तर मध्ये तो मंच.

मुले थबकली. सरांनी एकदा मंचाकडे बघितले. "जागा हीच हाय आपली," म्हणाले, आणि मेश्रामच्या खांद्यावर हात ठेवून, दुखरा गुडघा एकेका पायरीवर ओढत वर चढले. मागोमाग सगळा संघ. विजेत्यांसाठी अंथरलेल्या गालिच्यावर चिखलाचे बूट घालून पुण्याचा संघ उभा राहिला आणि प्रश्नांची वाट बघू लागला.

कोणीच काही विचारले नाही. पुण्यात, शेकडो माणसे, आणि कोणाला काही विचारायचे नाही, असे मी त्याआधी पाहिले नव्हते. माणसे नुसती उभी होती. रडत होती असेही म्हणते, इथे लपवायचे कशाला? मग काकांनी घसा साफ केला.

"एकच विचारतो. पुढची मॅच कधी?"

मुलांनी माना खाली घातल्या. संघच उरला नव्हता. लीग संपली होती. उत्तर द्यायचे तर "कधीच नाही" असेच द्यावे लागले असते, आणि ते ज्यांनी ठरवले ते कक्षात बसून मोबाइल बघत होते. त्या प्रश्नाचा जाब देण्याचे सरांना काहीही कारण नव्हते.

"रविवारी," सर म्हणाले. "खडकीच्या मैदानावर. सकाळी सातला. या सगळे."

बाहेर स्कूटर काढताना मी त्यांना गाठले. "सर, मॅच कुणाशी?"

"ते बघू की."

रविवारी सकाळी मी खडकीला गेले. संघातले मेश्राम धरून पाच जण आले होते, कुमार संघातले काही. आणि लोक! बसने, दुचाकीवर, लोकलने आलेले, काकांसारखे उशा घेऊन आलेले. फक्त दोन अडचणी होत्या. समोर प्रतिस्पर्धी नव्हता. आणि मैदान दारूगोळा कारखान्यातल्या एका विभागाच्या क्रिकेट संघाने आधीच धरून ठेवले होते. पांढऱ्या कपड्यांतली ती माणसे आमच्याकडे अशी बघत होती, जणू त्यांच्या घरी परकी वरात शिरली आहे. सरांनी त्यांच्या कप्तानाशी बोलणी केली. कप्तानाचे वडील आणि सरांचे वडील एकाच पाळीत काम केलेले निघाले. तासाभराने देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये खेळून आलेला संघ विरुद्ध पांढऱ्या पँटीतला क्रिकेट संघ असा फुटबॉलचा सामना सुरू झाला. त्यांचा यष्टिरक्षक गोलात बरा होता. मैदानाला जाळी नव्हती, म्हणून सामना संपल्यावर सरांनी चुन्याची एक रेघ ओढली आणि सगळ्यांना तिच्या अलीकडे उभे केले. "लीगमध्ये जमलं नाही ते आज क्रिकेटवाल्यांसमोर जमलं," काका म्हणाले, "अभिनंदन. पुढची मॅच कधी?"

"रविवारी," सर म्हणाले.

आमचे रविवार फुटबॉल मंडळ हे असे सुरू झाले आणि आजही चालू आहे. शहराच्या लीगमध्ये त्याचे पुरुषांचे आणि महिलांचे संघ खेळतात. मेश्राम नव्या शहरात खेळून, परत येऊन, आता इथेच शिकवतो. तो क्लब तिकडेही काही वर्षांतच बंद पडला असे ऐकते. मार्केट नसेल.

या सत्काराला सर तयार नव्हते. साठीला नाही म्हणाले, सत्तरीला नाही म्हणाले. "शाल घातली की माणसाला खुर्चीत बसवत्यात," हे त्यांचे म्हणणे. यंदा कसेबसे मान्य झाले ते एका अटीवर: समारंभ मैदानावर, सामन्यानंतर, आणि शाल-श्रीफळ झाल्यावर ते चुन्याच्या रेघेपाशी उभे राहणार, कोणी काहीही विचारावे. पण गेल्या काही रविवारी सर मैदानावर आलेले नाहीत. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, ती उत्तम झाली आहे, हे मी जाणते. तरी या महिन्यात कोणी नव्या हंगामाचा विषय काढला की ते दुसरेच काही बोलतात. "आता मेश्राम बघंल" असे पुटपुटलेलेही मी ऐकले आहे. म्हणून हे सगळे इथे, छापून, चारचौघांत सांगते आहे.

दांडेकर काका तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारपणातही रविवारी निकाल विचारायचे. त्यांची उशी आता माझ्याकडे असते.

म्हस्के सर, आपल्याला उदंड आयुष्य लाभावे, आपली प्रकृती ठणठणीत राहावी, असे सगळेच म्हणतील. मी फिजिओ आहे, माझ्याकडे इच्छेच्या पुढचे काही आहे. आपण तंदुरुस्त आहात. मी खोटा दाखला लिहीत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी शाल अंगावर पडली की आपण रेघेपाशी या. काठी आणलीत तरी चालेल. मी काकांच्या उशीवरून उठेन आणि सगळ्यांच्या आधी विचारेन: सर, पुढची मॅच कधी?

ज्याने ठरवले त्यानेच जाब द्यायचा, हा नियम आपलाच आहे.

— वृंदा आपटे